करटोलीची लग्नं

उंबरपाड्याच्या बायकांनी जुलैतल्या एका दुपारी आपल्या मांडवातले सगळे नर उपटून बांधावर फेकले, आणि फेकताना त्यांना मजाही पुष्कळ आली. पुढं जे काही झालं ते या मजेपायी झालं, म्हणून गोष्ट जरा आधीपासून सांगायला हवी.

कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागून उल्हास नदीचा पूल ओलांडला आणि डाव्या हाताला वळलं की भाताची खाचरं सुरू होतात. त्यांच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी उंबरपाडा. पावसाळ्यात ढग इथं इतके खाली उतरतात की वाळत घातलेलं लुगडं चार-चार दिवस ओलंच. कल्याणात लोक पंखे लावून बसलेले असतात तेव्हा उंबरपाड्यातल्या म्हाताऱ्या गोधडी अंगावर ओढतात. अशा गावात शेती म्हणजे भात, आणि तोही घरात खाण्यापुरता. पैसा दिसायचा तो भाजीचा, आणि भाजी विकायची बायकांनी.

शालन त्यांतलीच. कल्याण स्टेशनाबाहेर, स्कायवॉकच्या सावलीत ती वीस वर्षं भाजी घेऊन बसत आली होती. बसायचं ते एक कान रस्त्याकडं ठेवून. पालिकेची “गाडी आली” अशी हाळी उठली की प्लास्टिकच्या कागदाची चारी टोकं उचलायची, गाठोडं डोक्यावर घ्यायचं आणि पळत शेजारची गल्ली गाठायची. गाडी गेली की परत यायचं. तरुणपणी यातही गंमत वाटे. आता गुडघे कुरकुरत होते, आणि एकदा पळताना तिच्याच सुनेच्या वयाची पोलीसबाई “आजी, सावकाश” म्हणाली, तेव्हापासून शालनचं मन त्या जागेवरून उडालं. तिला श्रीमंती नको होती. जिथून कुणी उठवणार नाही अशी हातभर जागा तिला हवी होती.

आणि अशी जागा सरकार देत होतं. डोंगरपट्ट्यातल्या लहान शेतकऱ्यांसाठी कृषी खात्याची एक योजना आली. बायकांनी गट करायचा, रानभाजी शेतात लावायची. मांडवाचे बांबू, तारा आणि करटोलीचे कंद खातं देणार. पाहणीच्या दिवशी मांडवात फळ धरलेलं दिसलं की गटाला ठाण्याला, नौपाड्यातल्या शेतकरी बाजारात ओटा मिळणार. दर रविवारी, वर छत्री, मागं गटाच्या नावाची पाटी. ते ऐकल्यावर शालननं घरोघर फिरून गट उभा केला, आपल्या पंधरा गुंठ्यांत मांडव घालू दिला, आणि नवरा सहदेव “सरकारचं काय खरं” असं म्हणतोय तोवर खड्डेसुद्धा खणून घेतले.

करटोली गावाला नवी नव्हती. पाऊस लागला की रानात जायचं, झुडपांवर चढलेले वेल हुडकायचे, काटेरी हिरवी फळं ओच्यात भरून आणायची. पण ही भाजी लावायची असते, हे कुणाच्या बापजाद्यांनी ऐकलं नव्हतं. रान देईल ते घ्यायचं, रानाचा संसार कसा चालतो ते विचारायच्या भानगडीत कोण पडतं?

तो संसार समजावून सांगायचं काम ऋतुराजकडं आलं. हा कृषी सहायक डोंबिवलीचा, दापोलीला शेती शिकलेला, पंचविशीचा आणि अजून लग्न न झालेला. भर पावसात स्कूटरवरून आला, रेनकोट शालनच्या ओट्यावरच्या खुंटीला टांगला आणि समोर बसलेल्या डझनभर सासवांकडं बघून त्यानं घसा साफ केला. करटोलीत नर वेल वेगळा असतो आणि मादी वेल वेगळा, असं त्यानं सुरू केलं मात्र, कोपऱ्यातून नीला आजीनं खणखणीत आवाजात विचारलं, “मंजे बापय आन् बाय?”

नीला आजी गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात विधी सांगत धवले गाणारी बाई. तिनं तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नाही. तिच्या प्रश्नावर सगळ्या बायका पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ओट्याखालची कोंबडी पळाली. ऋतुराजचे कान लाल झाले. त्याला पुष्कळ सांगायचं होतं: नर कसा ओळखायचा, आठ-दहा माद्यांमागं एक कसा राखायचा, फूल कधी उमलतं. त्यातलं काहीच तोंडातून फुटेना. “तसले पण थोडे वेल लागतात, असू द्या,” एवढं पुटपुटून त्यानं चहा घशाखाली ओतला आणि स्कूटरला किक मारली.

बायकांनीही विचारलं नाही. या बायका हळदीच्या मांडवात अशी गाणी म्हणतात की ऐकणाऱ्यानं कानांत बोटं घालावीत. पण ते हळदीत. दिवसाढवळ्या, परक्या पोराला, त्यातून सरकारी माणसाला असलं काही विचारायचं म्हणजे अतीच झालं. त्या हसल्या, तो लाजला, आणि कामाची गोष्ट तशीच राहिली.

वेल मात्र झपाट्यानं वाढले. महिन्याभरात मांडव हिरवागार झाला, पिवळी फुलं लागली. शालनचा स्वभाव असा की तिच्या पितळी तांब्यात तोंड बघून घ्यावं, आणि शेतातही तीच शिस्त. भांगलणीच्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की बहुतेक वेलांच्या फुलामागं बारीकसा काटेरी गोळा आहे, पण मधूनच एखादा वेल नुसताच फुलतो. मागं गोळा नाही की काही नाही. असला वेल कशाला पोसायचा? कुणीतरी म्हणालं, “खायला काल आन् भुईला भार.” मग काय विचारता. एकेका वेलाला एकेकीच्या नवऱ्याचं नाव मिळालं आणि नाव घेऊन घेऊन उपटणं सुरू झालं. बांधाजवळचा सगळ्यांत जाडजूड वेल शालननं सहदेवच्या नावानं उपटला. सहदेव तिथंच तंबाखू मळत उभा होता. माझ्या नावाचा तरी ठेवा, असं तो म्हणालाही, पण त्या दिवशी नवऱ्यांचं ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात फुलं गळू लागली. संध्याकाळी फूल उमले, दोन दिवसांत मागचा गोळा पिवळा पडे आणि टपकन खाली. बायकांनी आधी नजर लागली असं ठरवलं. मीठ-मोहरी उतरून टाकली. मांडवाच्या खांबाला जुनी चप्पल टांगली. ताक शिंपडलं. गळणं काही थांबेना, तेव्हा शालननं ऋतुराजला फोन लावला.

तो आला, मांडवाखाली वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि बाहेर येऊन त्यानं विचारलं, नर कुठं आहेत? बायकांनी शालनकडं बघितलं. शेवटी शालननं बांधाकडं बोट केलं. तिथं वाळलेल्या वेलांचा ढीग पडला होता. ऋतुराज त्या ढिगाशेजारीच खाली बसला. नर नाही तर फळ नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या मॅडम पाहणीला येणार होत्या, आणि मांडव रिकामा दिसला तर ओटा यादीतल्या पुढच्या गटाला जाणार होता. शालनच्या डोळ्यांपुढं एकदम तो स्कायवॉक उभा राहिला, आणि हातात गाठोड्याची टोकं.

चूक माझीच, असं ऋतुराज म्हणाला. नीट सांगायला हवं होतं, पण लाज वाटली.

“तुमी लाजलाव आन् आमी हसलो,” शालन म्हणाली. “आता सांगा, बाला. सगला सांगा. हसंल तिला मी बघतंय.”

मग त्यानं सांगितलं. पहिल्या दोन वाक्यांना त्याचे कान तापले, नंतर निवले. नराच्या फुलातली पिवळी भुकटी मादीच्या फुलाला लागली पाहिजे. फूल दिवेलागणीला उमलतं, तेव्हाच ती लागायला हवी. एरवी हे काम फुलावर येणारी बारीक पाखरं करतात. मांडवात नर नसले तर काय, रानात तर असतील. त्यांची फुलं आणून हातानं एकेका फुलाला लावता येतील. एका नरफुलात चार-पाच माद्या भागतात. कुणी हसलं नाही. एकीनं पदर तोंडाकडं नेला होता, तिनं शालनकडं बघून तो परत खोचला.

शेवटी नीला आजीनं निकाल दिला. “मंग हे लगीनच हाय. आन् लगीन धवल्याबिगर लागत नाय.”

दुसऱ्या दिवसापासून उंबरपाड्यात लग्नसराई सुरू झाली. करटोलीचा कुठला वेल रानात कुठं चढतो हे बायकांना पाठ. फक्त आजवर फळ देणाऱ्याकडंच लक्ष होतं, आता न देणाऱ्यांचा शोध. दुपारी उमलत आलेल्या नरकळ्या तोडायच्या, तांब्यातल्या पाण्यात ठेवायच्या, आणि उजेड कमी होऊ लागला की मांडवात शिरायचं. नीला आजी पाटावर बसून धवला धरी. तिच्या डोक्यावर ऋतुराज छत्री धरी, कारण आजीला पडसं झालं तर सगळीच लग्नं खोळंबली असती. बायका वाकून वाकून एकेका नवरीला नवरदेव भेटवत, आणि लागलेलं फूल पुन्हा हाती येऊ नये म्हणून देठाला हळदीत बुडवलेल्या सुताचा तुकडा बांधत. पावसाची सर आली की चौघी जणी फुलांवर छत्र्या धरून उभ्या राहत आणि स्वतः भिजत. एक नवरदेव आणि चार नवऱ्या, हे काही बरं दिसत नाही, अशी कुरकूर आजीनं पहिल्या संध्याकाळी केली. दुसऱ्या संध्याकाळी तिनं त्यावर गाणंच रचलं. तिसऱ्या संध्याकाळी ती ऋतुराजला त्याच्या स्वतःच्या लग्नाचं विचारत होती आणि तो न लाजता उत्तरं देत होता.

सहदेव हे सगळं बांधावरून बघे. ज्यांना भुईला भार म्हणून उपटलं, त्यांनाच आता तांब्यात घालून वाजतगाजत आणता, असं तो रोज एकदा तरी ऐकवी. शालन सूत बांधत राही. चूक आपली असली की नवऱ्याचं एखादं वाक्य पचवावं लागतं.

आणि फळ धरलं. हळदीचं सूत बांधलेले गोळे पिवळे पडेनात, गळेनात. हिरवे राहिले, हळूहळू फुगू लागले. शालन सकाळी उठून चूळ भरायच्या आधी मांडवात जाई आणि पानं बाजूला करून बघे. बोराएवढे झाले. अजून आठवडा मिळाला असता तर नीट करटोलीसारखी करटोली दिसली असती. पण निरोप आला की मॅडम ठरल्या तारखेच्या आधीच येताहेत, उद्याच.

त्या संध्याकाळी सहदेव कल्याणच्या मार्केटात जाऊन आला. बायकोच्या गुडघ्यांची त्याला काळजी वाटे. ती तोंडानं सांगायची सवय नव्हती, म्हणून ती काळजी भलत्याच वाटेनं बाहेर पडली. उजाडायच्या सुमारास तो एकटाच मांडवात शिरला आणि विकत आणलेल्या टपोऱ्या करटोल्या हिरव्या दोऱ्यानं पुढच्या ओळीतल्या वेलांना बांधून आला. शालनला त्यानं काहीच सांगितलं नाही.

मॅडम म्हणजे रचनाताई, तालुक्याच्या अधिकारी, केस पांढरे होत आलेल्या, पायांत गमबूट. गाडीतून उतरल्या, मांडवाशी आल्या आणि पुढची ओळ बघून खूश झाल्या. इतक्या भरल्या करटोल्या या मोसमात मी कुठंच बघितल्या नाहीत, असं म्हणून त्यांनी पेन काढलं. ऋतुराजनं ती ओळ पुन्हा निरखून पाहिली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. शालननं एका करटोलीवर नजर रोखली, तिला हिरवा दोरा दिसला, आणि मग बांधावर उभा असलेला सहदेवही दिसला. तो आभाळाकडं बघत होता.

गप्प बसलं असतं तर काम झालं होतं. पेन कागदावर टेकलं होतं. शालनच्या मनात आलं, कुणाचं काय जातंय? आठ दिवसांत खरी फळं येणारच आहेत. नौपाडा, छत्री, पाटी, सगळं एका सहीच्या अंतरावर होतं. तिचा जीव त्या सहीत अडकला होता, आणि तरीही तिच्या तोंडून निघून गेलं, “मॅडम, सही करू नका. ही करटोली आमची नाय. बाजारातली हाय, बांधलेली.”

सहदेवनं मान खाली घातली. रचनाताईंनी एक करटोली हातात घेतली, दोरा बघितला आणि चष्म्यावरून शालनकडं पाहिलं. “मी सही करतच होते. मग मला हे सांगितलंत कशाला?”

शालनला रडू येत होतं, पण आवाज फुटला तो सरळ फुटला. “वीस वर्सं लोक मला उठवतान, मॅडम. जागा माजी नवती, मी काय बोलनार? उठायची. हा ओटा खोट्यावर घेतला त तोबी माजा नसंल. मंग उद्या कोनी उठवला त मी कुठल्या तोंडानं बसू?”

आणि एकदा तोंड उघडल्यावर तिनं काहीच मागं ठेवलं नाही. नर उपटले ते, नवऱ्यांच्या नावानं उपटले ते, लाजेपायी विचारलं नाही ते, रानातून फुलं आणली ती. सरकारी अधिकाऱ्यासमोर, दिवसाढवळ्या, “नर” आणि “मादी” म्हणताना तिची जीभ एकदाही अडखळली नाही. मग तिनं मॅडमना वाकायला लावून मांडवाच्या आत नेलं आणि पानं बाजूला केली. तिथं बोराएवढ्या, काट्यांची नुसती लव आलेल्या करटोल्या ओळीनं लटकत होत्या, प्रत्येकीच्या देठाला पिवळं सूत.

हे सूत कसलं, असं रचनाताईंनी विचारलं. उत्तर नीला आजीनं गाऊन दिलं. एक नवरदेव आणि चार नवऱ्या हे कडवं आलं तेव्हा रचनाताई मांडवाच्या खांबाला धरून हसल्या. हसता हसता त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. बाहेर आल्यावर त्या पुन्हा साहेब झाल्या. पुढच्या ओळीतला सगळा बाजार माझ्यासमोर उतरवा, असं त्यांनी सांगितलं, आणि सहदेवला ते एकट्यानं करावं लागलं. ओटा आज देता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. फळ धरलंय, ते वाढतंय, मी स्वतः पाहिलं, एवढंच आज लिहिते. आठ दिवसांनी परत येईन. तोवर ओटा दुसऱ्या कुणाला जाणार नाही, हे माझ्याकडं लागलं.

आठ दिवस शालनला जेवण गोड लागलं नाही. मधे दोन दिवस असा पाऊस कोसळला की मांडव बसतो की काय असं वाटलं. सहदेव रात्रीतून दोनदा उठून खांबांना टेकू देऊन आला, आणि या खेपेला सांगून गेला. नवव्या दिवशी रचनाताई आल्या. मांडवातून करटोल्या अशा लोंबत होत्या की आत जायला डोकं वाचवावं लागत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं एक तोडली, देठाचं सूत सोडलं आणि मगच पेन काढलं.

पहिल्या रविवारी शालन आणि गटातल्या दोघी नौपाड्यात पोचल्या तेव्हा बाजार नीट उघडलाही नव्हता. ओटा सिमेंटचा, वर निळी छत्री, मागं पाटी. शालननं ओटा ओल्या फडक्यानं दोनदा पुसला, करटोल्यांचा ढीग रचला, शेजारी टाकळ्याच्या थोड्या जुड्या मांडल्या आणि बसली. पण बसणं तिला जमेना. रस्त्यावरून टेम्पो गेला की ती अर्धी उठे, मग आपलं आपल्यालाच हसू येऊन खाली टेके. गटातल्या बाकीच्या दोघींचंही तेच चाललं होतं.

करटोल्या दोन तासांत निम्म्या संपल्या. त्यात एक बाई आली. सुती साडी, हातात कापडी पिशवी, नौपाड्यातच जन्म गेलेली. एकेक फळ निरखून तिनं अर्धा किलो घेतली, कोवळी आहेत म्हणून समाधानानं मान हलवली, पैसे दिले आणि निघता निघता विचारलं, “पुढच्या रविवारी असाल ना तुम्ही?”

साधाच प्रश्न. पण वीस वर्षांत शालनला हा कुणी विचारला नव्हता. गाडीच्या धाकानं बसणाऱ्या बाईला असलं विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. आज दिसली, आज घेतली. शालननं उगाचच ढिगावरच्या दोन करटोल्या सारख्या केल्या.

“असनार,” ती म्हणाली. “हितंच असनार.”